दिवे गेले आणि गाणं रंगलं!

"रात्री आठला गाणं? मग स्वयंपाक कधी करायचा?" बैठकीचं आमंत्रण आलं तेव्हा माझ्या तोंडून पहिलं वाक्य हेच निघालं. मैत्रिणींनो, हसू नका, तुम्हीही हेच म्हणाला असता!

गोष्ट २००६ सालची, वसमतची. ओळखीच्यांच्या दिवाणखान्यात सतरंज्या अंथरून बैठक ठरली होती, नांदेडहून एक गायिका येणार होत्या. लग्नाआधी मी गांधर्व महाविद्यालयाच्या दोन परीक्षा दिल्या होत्या. तिसरीचा फॉर्म भरला आणि लग्न ठरलं. पेटी माहेरीच राहिली. त्यामुळे जावंसंही वाटत होतं आणि नकोसंही. सासूबाई म्हणाल्या, "पिठलं-भाकरी सहालाच उरकू. मी बी येते." त्यांचं माहेर नर्सी, नामदेवांचं गाव. भजन रोजचं, पण शास्त्रीय गाणं म्हणजे नुसतं 'आ ऽ ऽ' करणं, हे त्यांचं ठाम मत.

पुरुष मंडळी पुढे, आम्ही बायका मागे दाराशी. घरंदाज बाईनं चारचौघांत गाणं हेच वावगं होतं त्या काळात, १९२० च्या दशकात, हिराबाई बडोदेकरांनी तिकीट लावून जाहीर जलसे केले. तरी ऐकणाऱ्या बायका अजून दाराशीच!

तंबोरे लावण्यातच पंधरा मिनिटं गेली. "सुरू कधी होणार गं?" सासूबाई कुजबुजल्या. पण ते बघण्यासारखं असतं हो. चार तारा, पहिली पंचमाची, मधल्या दोन षड्जाच्या, शेवटची खर्जाची. तारेखाली घोडीवर सुताचा दोरा केसभर सरकवला की आवाज एकदम खुलतो, गुंजत राहतो. जवारी लागली म्हणतात ती हीच. कॅसेटवर हे कुठून दिसणार?

बाईंनी यमन धरला. रात्रीच्या पहिल्या प्रहरचा राग, मध्यम तीव्र. विलंबित एकताल, मात्रा बाराच, पण इतक्या संथ की मी मोजता मोजता दोनदा चुकले. आणि तेवढ्यात दिवे गेले. भारनियमन! माईक बंद, पंखा बंद. मला वाटलं, संपलं सगळं. बाई थांबल्याच नाहीत. कोणीतरी कंदील आणून ठेवला. माईकच्या खरखरीमागे दडलेला त्यांचा खरा आवाज आता कुठे कानावर आला. श्वास घेतलेला ऐकू येत होता, तबल्यावरचं बोट न् बोट कळत होतं.

द्रुत तीनताल सुरू झाला तशी शेजारून टाळी ऐकू आली. सासूबाई! सोळा मात्रा फिरून आल्या की बरोब्बर समेवर टाळी. एकदाही चुकल्या नाहीत. पुढच्या रांगेतले 'वाहवा' करणारे एक गृहस्थ मात्र दर वेळी अर्ध्या मात्रेनं मागे! तबलजींनी मान वळवून दाराकडे पाहिलं आणि हसले.

"अगं, ही तर आमच्या अभंगाचीच चाल," त्या म्हणाल्या. खरंच होतं. भजनातल्या कितीतरी चाली यमनात असतात. जन्मभर टाळ धरलेल्या हाताला लय कोण शिकवणार?

परतताना रिक्षात त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "तुझी पेटी कुठाय?"

"माहेरी."

"आण की मग."

संक्रांतीच्या आत पेटी एसटीनं आली. भाता उंदरांनी कुरतडला होता. तो बदलायला नांदेडला जावं लागलं. सासूबाई सोबत आल्या.