तालयंत्राच्या पोटातला सेल

गुरू सिंह राशीत आला की नाशिकला सिंहस्थ लागतो आणि कावेरीकाठच्या कुंभकोणमला महामहम भरतो. आपल्याला नाशिक पाठ असतं; कुंभकोणम म्हटलं की फार तर डिग्री कॉफी आठवते. खरं तर हा मुलूख सुमारे सव्वाशे वर्षं तंजावरच्या मराठी राज्यात होता, आणि तिथल्या मृदंगपरंपरेत नारायणस्वामी अप्पा हे मराठी नाव अजूनही आदराने घेतलं जातं. अशा तालाच्या मुलखात यंत्राचा ठेका कसा शिरला आणि कशाने बंद पडला, याचा हिशेब महामहमाच्या बारा-बारा वर्षांवर मांडून पाहण्यासारखा आहे.

1980 चा महामहम झाला तेव्हा बंगळूरूच्या जी. राज नारायण यांची इलेक्ट्रॉनिक श्रुतिपेटी नुकतीच, 1979 मध्ये, लोकांसमोर आली होती. 1980 मध्येच जपानच्या रोलँड कंपनीने टीआर-808 हे तालयंत्र काढलं. ते मुंबईत वादक चरणजित सिंग यांच्या हाती पडलं आणि 1982 मध्ये त्यांनी त्यावर डिस्कोचा ठेका धरून दहा रागांची तबकडी केली. तेव्हा कोणी ढुंकूनही पाहिलं नाही. 2010 मध्ये ती परदेशात पुन्हा निघाली तेव्हा जग थक्क झालं. 808 चं उत्पादन मात्र 1983 लाच थांबलं होतं. आपण बसवलेला ठेका यंत्र बंद केल्यावरही पुसला जाऊ नये, म्हणून त्यात तीन पेन्सिल सेल घालायचे असत. आठवण जपायला बसवलेले हेच सेल पुढे अनेक यंत्रांच्या मुळावर आले.

1992 पर्यंत राज नारायण यांच्याच रॅडेल कंपनीची ‘तालमाला’ रियाजाला बसली होती, आणि कर्नाटक संगीतातल्या तालांसाठी ‘तालोमीटर’ही आला. साथीला तबलजी मिळत नाही म्हणून कुरकुरणाऱ्यांचं तोंड या पेट्यांनी बंद केलं. (देवळातला विजेवर वाजणारा नगारा हा यांचा दूरचा भाऊ. तो मोटरवर चालतो, त्याच्या पोटात सेल नाही, म्हणूनच बहुधा तो अजून कान किटेपर्यंत वाजतो.) 2004 नंतरची वर्षं भारनियमनाची, इकडेही आणि तमिळनाडूतही. वीज गेली तरी रियाज अडू नये म्हणून ज्या पेट्यांत सोय होती तिथे सेल पडून राहू लागले. 2016 येईतो मोबाइलमध्ये तबला-तानपुरा आला. पेट्या माळ्यावर गेल्या, सेलसकट. कावेरीच्या खोऱ्यातली किंवा कोकणातली दमट हवा आणि विसरलेला सेल एकत्र आले की पुढचं सांगायला नको.

अशी पेटी उघडली की स्प्रिंगवर पांढरट-हिरवी बुरशीसारखी खपली दिसते. आपल्याकडे लोक सरळ पॉलिश पेपर घेऊन घासायला बसतात. पहिली चूक हीच. घासण्याने स्प्रिंगचा मुलामा जातो आणि ती वर्षभरात पुन्हा गंजते. आधी सेल कोणता हे पाहावं. अल्कलाइन सेल पाझरला असेल तर ते पाणी क्षाराचं. त्यावर कापसाच्या बोळ्याने व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावला की खपली फसफसून सुटते. जुना स्वस्तातला झिंक-कार्बन सेल आम्लाचं पाणी सोडतो, त्याला खायचा सोडा. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडं करायचं.

खरा घात मात्र आत असतो. क्षार तारेच्या आवरणाखालून सरकत पार सर्किट बोर्डापर्यंत जातो. वरून लालचुटुक दिसणारी वायर सोलली की आत तांबं काळं ठिक्कर निघतं आणि त्यावर सोल्डर धरत नाही. अशी वायर पुसत बसू नये, बदलावी. बोर्डावरचा ट्रॅक हिरवा-काळा पडला असेल तर लखलखीत तांबं दिसेपर्यंत हलकेच खरवडावा, मल्टिमीटरने दोन्ही टोकं तपासावीत आणि तुटला असेल तिथे बारीक तारेची उडी द्यावी. बोर्डावरच सोल्डर केलेली निकेल-कॅडमियम बॅटरी असेल तर ती पाझरायची वाट न पाहता काढावी. कोर्गच्या 1981 च्या पॉलिसिक्स सिंथेसायझरची ही जगजाहीर व्यथा आहे.

माझ्या मते, स्मृतीचा सेल यंत्राच्या पोटात ठेवणारी ही रचनाच चुकीची होती. तो बाहेर, वायरीच्या टोकाला टांगला असता तर अर्धी यंत्रं आज वाजत असती. दुरुस्तीला घेताना तसाच बाहेर काढून बसवावा. दिसायला वाईट, पण बोर्ड वाचतो.

पुढचा महामहम 2028 मध्ये आहे. तोवर थांबू नका. माळ्यावर श्रुतिपेटी, तालमाला, कॅसिओ, ट्रान्झिस्टर, जे काही पडलं असेल त्याचं मागचं झाकण या रविवारी उघडा आणि सेल काढून टाका.