गाडीच्या इंजिनातली कणगी

काटोल-नरखेडची संत्री कळमन्याच्या बाजारात पोचवायची, येताना फवारणीचे औषध आणि घरचा किराणा आणायचा, लग्नसराईत पाहुण्यांना नागपूर स्टेशनवरून घरी आणायचे, ही सगळी कामे आता दारातली डिझेल गाडी करते. अशा वेळी घरातले चिरंजीव एके दिवशी येऊन सांगतात, "बाबा, गाडी सुस्त आहे. फ्लायव्हील लेथवर उतरवून हलके करून घेऊ. मग बघा कशी पळते!" मिस्त्रीही मान डोलावतो. खर्च फारसा नाही, आणि वजन कमी केले तर गाडी पळेल हे कोणालाही पटते. तुम्ही हो म्हणावे की नाही?

उत्तर शोधायला लांब जायला नको. ते तुमच्या विहिरीवर आहे.

किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ साली पुण्यात निघाली, आणि पुढच्या काळात महाराष्ट्राच्या विहिरींवर डिझेल इंजिनांची धडधड ओळखीची झाली. तिचे ५ अश्वशक्तीचे, एकाच सिलिंडरचे एव्ही-१ इंजिन आठवा. हँडल मारताना आपण काय करतो? आधी वरची खिट्टी उचलून इंजिनातला दाब मोकळा करतो. मग जोर लावून जड चाक फिरवतो. चाकाने वेग घेतला की खिट्टी सोडतो, आणि इंजिन धडाडून चालू होते. खिट्टी न उचलता फिरवायला जाल तर पहिलवानाचाही हात अडतो. कारण डिझेल पेटवायला ठिणगी नसते. आतली हवाच सोळा-सतरा पट दाबून इतकी तापवावी लागते, की डिझेल शिंपडताच पेट घेईल. ही हवा तुमचा हात दाबत नाही. तुम्ही चाकात भरलेला वेग दाबतो.

इंजिन चालू झाल्यावरही हाच खेळ चालतो. दट्ट्या हवा ओढतो, दाबतो, स्फोटाने खाली ढकलला जातो आणि धूर बाहेर टाकतो. या चार कामांत कमाईचे काम एकच. बाकी तीन खर्चाची. मिनिटाला १५०० फेरे घेणाऱ्या या इंजिनात कमाईचे धक्के ७५० च असतात. सुगी एकदाच येते, पण खाणारी तोंडे वर्षभर असतात. मधले दिवस कणगी निभावते. फ्लायव्हील ही इंजिनातली कणगी आहे.

मोटारीत चार सिलिंडर असतात, त्यामुळे दर अर्ध्या फेऱ्याला एक धक्का मिळतो आणि लहान चाकावर भागते. पण कणगी लागतेच. या कणगीचा हिशेब मात्र वेगळा आहे. फेरे निम्मे झाले की साठा निम्मा होत नाही, चौथाई होतो. दीड हजार फेऱ्यांवर जे चाक श्रीमंत असते, ते गाडी उभी असताना, मंद चालीवर, पार गरीब असते. म्हणून चाक तासून हलके केले, की पहिली तक्रार मंद चालीतच येते. गाडी थरथरते, आरसे हलतात, क्लच सोडताना इंजिन बंद पडते. भरल्या गाडीने चिखलदऱ्याच्या घाटात, मागे दुसरी गाडी लागलेली असताना इंजिन असे बंद पडले, तर ती नुसती गैरसोय राहत नाही.

आता चिरंजीवांचीही बाजू न्यायाने पाहू. ते अगदीच खोटे बोलत नाहीत. हलके चाक लवकर वेग घेते. शर्यतीच्या गाड्यांत ते करतातही. पण फायदा किती? ढोबळ हिशेब मांडू. चाक १० किलोचे, २८ सेंटिमीटर व्यासाचे. पहिल्या गिअरमध्ये इंजिनाच्या १५ फेऱ्यांना गाडीच्या चाकाचा एक फेरा धरला आणि त्या चाकाची त्रिज्या ३० सेंटिमीटर घेतली, तर हे फ्लायव्हील वेग घेताना गाडीवर सुमारे २४५ किलो ओझ्यासारखे वागते. वरच्या गिअरमध्ये, ४ फेऱ्यांना एक धरले, तर फक्त १७ किलोसारखे. चाकाचा हा जडपणा एक तृतीयांश घटवला, तर माणसांसह १५०० किलोच्या गाडीत पहिल्या गिअरला शंभरात चार-पाच हिस्से फायदा होतो आणि वरच्या गिअरला अर्धा हिस्साही होत नाही. काटोल रस्त्यावर पहिल्या गिअरमध्ये आपण किती वेळ असतो? आणि इंजिनाची ताकद तर तसूभरही वाढत नाही. कणगी कापली म्हणून शेतात पीक जास्त येत नाही.

याहून मोठा धोका तोलाचा आहे. समजा, लेथवर एका बाजूचे १० ग्रॅम लोखंड जास्त निघाले. सुपारीएवढे. ते मध्यापासून १२ सेंटिमीटरवर असेल, तर मिनिटाला ४००० फेऱ्यांवर जवळजवळ २१ किलोचा ओढा तयार होतो, आणि तो सेकंदाला ६६ वेळा दिशा फिरवतो. हा मार क्रँकच्या बेअरिंगला बसतो. म्हणून फ्लायव्हील तासल्यावर तोलाच्या यंत्रावर तपासल्याशिवाय बसवणे हा जुगार आहे. त्यातून काही इंजिनांत क्रँकचा तोल सांभाळणारे वजन मुद्दाम फ्लायव्हीलमध्येच ठेवलेले असते. ते कापले की सगळा मेळच मोडतो. शिवाय ओतीव लोखंड पातळ केले की क्लचच्या उष्णतेने त्याला तडे जाऊ शकतात, आणि वेगात फुटलेल्या चाकाचे तुकडे पत्रा भेदून बाहेर येतात.

अलीकडच्या बऱ्याच डिझेल गाड्यांत फ्लायव्हील एक नसून दोन चकत्यांचे असते. मध्ये स्प्रिंगा असतात. इंजिनाचे धक्के त्या पिऊन टाकतात, गिअर बॉक्सपर्यंत पोचू देत नाहीत. असे चाक लेथवर चढवायचेच नसते. ते महाग म्हणून त्याजागी साधे एकसंध चाक बसवले, तर वाचलेला पैसा पुढे गिअर बॉक्सच्या खडखडाटात जाऊ शकतो.

मग गाडी सुस्त असेल तर काय करावे? आधी हवेचा फिल्टर उघडून बघा. उन्हाळ्यात आपल्याकडची धूळ तो लवकर तुंबवते. डिझेलचा फिल्टर, नोझल, टर्बोचे पाइप, टायरमधली हवा तपासा. उतारावर गाडी मोकळी सोडली तर ब्रेक चिकटून धरतो का, ते पाहा. थरथर असेल तर इंजिनाखालची रबरे बघा. गाडीचा सुस्तपणा बहुधा यातच सापडतो.

क्लच बदलताना फ्लायव्हील उतरवावेच लागले, तर क्रँकवर ते कसे बसले होते याची खूण आधी करून घ्या. पृष्ठभागावर ओरखडे असतील तर कंपनीने सांगितलेल्या मापापुरतेच घासू द्या, आणि बोल्ट ठरलेल्या जोराने, माप दाखवणाऱ्या पान्यानेच आवळायला सांगा.

चिरंजीव तरीही ऐकत नसतील, तर रागावू नका. विहिरीवरचे जुने इंजिन अजून असेल तर त्यांना तिथे न्या. सैल सदरा, उपरणे आवरून घ्यायला सांगा आणि हातात हँडल द्या. आधी खिट्टी न उचलता जरा रेटून पाहू दे. मग खिट्टी उचलून, चाकाला वेग देऊन चालू करू दे. एवढे केल्यावर, "यातले कोणते चाक तासू या?" असे त्यांनाच विचारा.