गर करपू नये म्हणून विजेची ऊब



काहिलीचा तळ लागला की गूळ काळा पडतो, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. फळांच्या गराचंही तसंच आहे.

बदलापूरचं जांभूळ नावाजलेलं. अंबरनाथ-उल्हासनगरची बाजारपेठही शेजारीच. पण हंगाम थोडका, ऐन पावसाच्या तोंडावर येणारा, आणि पिकलेलं फळ दोन दिवसही धड टिकत नाही. उरलेला माल राखायचा तर गर काढून तापवावा लागतो. वाफेच्या दुहेरी भांड्यात दाट गर कडेला करपतो, मधे थंड राहतो. मधला तापेपर्यंत रंग आणि वास दोन्ही उतरतात.

यावर विजेचा उपाय आहे. नळीतून वाहणाऱ्या गरातूनच दोन इलेक्ट्रोडांमधून वीज सोडतात. गरात क्षार व आम्ल असल्याने ती वाहते, आणि गराच्या रोधामुळे तो आतूनच भराभर तापतो. तापलेली भिंत नाही, म्हणून करपणंही फारसं नाही. विजेने उष्णता किती होते, हा नियम ज्यूल यांनी १८४१ साली मांडला; आपली विजेची शेगडी त्याच नियमाने तापते.

मात्र यंत्र महाग, वीजही महाग. उसाच्या पातळ रसाला बगॅसची वाफच परवडते. दाट आणि मोलाच्या गराचाच असा विचार करावा, तोही हंगामाबाहेर यंत्राला दुसरं फळ मिळणार असेल तरच.

आणि एक विनंती: घरी बादलीत वायरी सोडून हा प्रयोग कुणी करू नये. जिवाशी खेळ होईल.