वाद्यांच्या गवसण्या व त्यांची स्वच्छता

वाद्य कितीही उत्तम असलें, तरी तें ज्या वस्त्रांत राहतें तें वस्त्र मळलेलें असल्यास वाद्याचें आयुष्य कमी होतें, ही गोष्ट आपण बहुधा विसरतों. तंबोरा, मृदंग, तबला-डग्गा व बाजाची पेटी यांस घालावयाच्या कापडी आवरणास गवसणी म्हणतात. चांगल्या गवसणीच्या दोन कापडांमध्यें कापूस पसरून वरून टांके घातलेले असतात. ती वाद्यास धक्का लागूं देत नाहीं व बाहेरची धूळ स्वतःच्या अंगावर घेते. परंतु ही धूळ वेळच्या वेळीं काढली नाहीं, तर रक्षणासाठीं घेतलेली गवसणीच धुळीचें कोठार होऊन बसते. म्हणून ती घरच्या घरीं कशी स्वच्छ करावी, हें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यांत या विषयास विशेष महत्त्व आहे. हा मुलूख काळ्या मातीचा व कापसाचा. खामगांवची कापसाची पेठ फार पूर्वींपासून नांवाजलेली. ज्या मातींत गवसणींतला कापूस पिकतो, तीच माती पुढें त्याची वैरीण व्हावी, हें नवल होय! ही माती अग्निजन्य काळ्या खडकाच्या झिजेनें बनली असून तिच्यांतील चिकणमातीचे कण ०.००२ मिलिमीटरहूनही बारीक असतात. उन्हाळ्यांत ते सहज उडतात व टांक्यांच्या छिद्रांतून आंत शिरतात. पाणी लागतांच फुगून चिकट होतात. शेगांवाहून आषाढीसाठीं पंढरपुरास पायीं जाणाऱ्या पालखीबरोबर जें वाद्य जातें, त्याची गवसणी वाटभर किती धूळ पीत असेल, याची कल्पनाच करावी.

आतां धुळीनें हानि कशी होते तें पाहूं. बाजाची पेटी मूळची युरोपांतील. पॅरिस येथील दबँ यानें १८४२ सालीं हार्मोनियमचें पेटंट घेतलें. पुढें हिंदुस्थानांत मांडी घालून वाजवितां येईल असें तिला रूप मिळालें. तिचा भाता हवा आंत ओढतो व हवेबरोबर गवसणींतील धूळही ओढतो. आंतील पितळेची पट्टी व तिची चौकट यांमध्यें एखादा कण अडकला, कीं तो सूर बसतो किंवा खरखरतो. ओलसर गवसणी तर याहून वाईट. तींत तबल्याचें कातडें सैल पडतें, आणि तंबोऱ्याच्या वाळविलेल्या भोपळ्यास बुरशी धरण्याची भीति असते. ज्या मिरजेच्या तंबोऱ्यास २०२४ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें, त्याचीही ओलीपुढें गत तीच.

स्वच्छतेचा पहिला नियम हा, कीं कोरडी धूळ पुरती निघाल्यावांचून पाण्याचा थेंबही लावूं नये. नाहीं तर धुळीचा चिखल होऊन तो कापसांत मुरतो व मग कशानेंही निघत नाहीं. वाद्य बाहेर काढून दूर ठेवावें. गवसणी अंगणांत न्यावी, नाकातोंडास फडकें बांधावें व वाऱ्याकडे पाठ करून उभें राहावें. दम्याचा विकार असलेल्यांनीं व लहान मुलांनीं जवळ थांबूं नये. खिसे रिकामे करून तोंड पूर्ण उघडावें, आंतली बाजू बाहेर काढावी आणि तळहातानें हलकेच थोपटावें. काठीनें बडविल्यास कापूस तुटून त्याचे गोळे होतात. नंतर मऊ कुंचल्यानें टांक्यांच्या ओळी धरून वरून खालीं झाडावें. धूळ ओढणारें विजेचें यंत्र घरांत असल्यास त्याच्या नळीच्या तोंडावर विरळ कापड बांधून तें फिरवावें.

यानंतरही डाग राहिल्यास रिठ्याच्या पाण्याचा केवळ फेस घ्यावा. रंग जातो कीं काय, हें एका कोपऱ्यावर आधीं पाहून मग फेस डागावर लावावा व पिळलेल्या फडक्यानें टिपून घ्यावा. गवसणी बादलींत बुडवूं नये. कापूस पाणी धरून ठेवतो व आंतून कुजतो. लोकरीचें अस्तर असल्यास धुण्याच्या सोड्यासारखा तीव्र क्षार वर्ज्य समजावा, कारण क्षारानें लोकर झिजते.

साधी सुती गवसणी सकाळच्या उन्हांत उलटी करून वाळवावी. रंगीत, नायलॉनची किंवा स्पंज भरलेली असल्यास वाऱ्याच्या सावलींत. वरून कोरडी दिसली तरी तळहात दाबून पाहावा. गार लागल्यास आंत ओल आहे असें समजून आणखी एक दिवस थांबावें. पावसाळ्यांत हें ओलें काम काढूंच नये. उन्हाळ्याच्या अखेरीस व दसऱ्याच्या सुमारास तें करावें. कोरडें झाडणें मात्र दरमहा व्हावें.

यास पैसा लागत नाहीं, पाव तास लागतो. खेड्यांतील शाळेस किंवा भजनी मंडळास नवी पेटी वारंवार घेणें परवडत नाहीं. आहे तीच पुढील पिढीच्या मुलांच्या हातीं सुरांत जावयास हवी. ती तशी जाईल कीं नाहीं, हें पुष्कळसें तिच्या गवसणीवर अवलंबून आहे.