आरेखनांच्या मंजुरीवर नियमांचा पहारा

लखनौ येथील आरडीएसओ ही भारतीय रेल्वेची संशोधन व मानक संस्था १९५७ मध्ये स्थापन झाली. पूल, रूळ, डबे, सिग्नल आदींची प्रमाण आरेखने येथे तयार होतात. रद्द झालेल्या आरेखनावरून एखादा भाग बनल्यास प्रवाशांच्या सुरक्षिततेलाच बाधा पोहोचू शकते. म्हणूनच अशा कामात दस्तऐवज व्यवस्थापन प्रणालीतील नियम महत्त्वाचे ठरतात.

दस्तऐवज पुढे कोणाकडे, कोणत्या अटीवर आणि किती दिवसांत जाईल, हे या नियमांद्वारे ठरते. उदाहरणार्थ, तपासणीची नोंद झाल्याखेरीज पुलाचे आरेखन मंजुरीसाठी जाऊ नये. आरेखन करणाऱ्यालाच ते मंजूर करता येऊ नये. नवी आवृत्ती मंजूर होताच जुनी बाद व्हावी. मुदत उलटल्यास प्रकरण वरिष्ठांकडे जावे. मात्र ते आपोआप मंजूर होऊ नये.

टप्पे वाढवल्याने सुरक्षितता वाढतेच असे नाही. विलंब मात्र वाढतो. केंद्र सरकारनेही २०२१ मध्ये मंत्रालयांतील फाइल सादर करण्याचे स्तर साधारणतः चारपर्यंत मर्यादित करण्याचे धोरण अवलंबले. त्यामुळे प्रणाली बसविण्यापूर्वी प्रत्येक टप्प्यावर नेमके काय तपासले जाणार, हे लिहून काढणे आवश्यक आहे. ज्या टप्प्याबाबत असे काही लिहिता येत नाही, तो वगळणेच इष्ट.