वेगवान बोटीच्या इंजिनासाठी कॅमशाफ्टची निवड व खरेदी : एक विवेचन

प्रस्तावना :
अमेरिकेतील वेगवान मोटरबोटींमध्ये शेव्हरोलेच्या 'बिग ब्लॉक' व्ही-८ इंजिनावर आधारलेली मर्क्रूझर इंजिने दीर्घकाळ वापरली गेली. ७.४ लिटर (४५४ घनइंच) व ८.२ लिटर (५०२ घनइंच) ही त्यांतील परिचित आकारमाने होत. अशा इंजिनाची शक्ती वाढविण्याचा एक प्रचलित मार्ग म्हणजे मूळ कॅमशाफ्ट बदलणे हा होय. तथापि मोटारगाडीला योग्य ठरणारा कॅमशाफ्ट बोटीलाही योग्य ठरतोच असे नाही. प्रसंगी तो इंजिनाच्या नाशास कारणीभूत होतो. यामागील कारणे व खरेदीचे निकष स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१. कॅमशाफ्टचे कार्य :
फोर-स्ट्रोक इंजिनात कॅमशाफ्ट हा क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरतो व त्यावरील उंचवटे, म्हणजेच लोब, झडपांची उघडझाप नियंत्रित करतात. झडप जितकी उघडते ती 'उचल' आणि क्रँकशाफ्टच्या जितक्या अंशांपर्यंत ती उघडी राहते तो 'कालावधी' होय. एक्झॉस्ट झडप मिटण्यापूर्वीच इनटेक झडप उघडते. दोन्ही झडपा उघड्या असण्याच्या या अवधीस 'ओव्हरलॅप' म्हणतात. उच्च वेगात बाहेर पडणाऱ्या वायूच्या ओढीने ताजे मिश्रण अधिक प्रमाणात आत येते, म्हणून ओव्हरलॅप लाभदायक ठरतो. मंद वेगात मात्र इनटेक नळीतील कमी दाबामुळे जळलेला वायू उलट मागे खेचला जातो.

२. बोटीच्या इंजिनाचे वेगळेपण :
गाडीत मागे खेचला जाणारा हा वायू कोरडा असतो व त्याचा परिणाम इंजिन अडखळण्यापुरता मर्यादित राहतो. बोटीत एक्झॉस्ट थंड करण्यासाठी त्यात समुद्राचे वा तळ्याचे पाणी सोडलेले असते. त्यामुळे ओव्हरलॅप अधिक असल्यास मंद वेगात वायूबरोबर पाण्याचे तुषारही सिलिंडरपर्यंत पोहोचू शकतात. परिणामी झडपा व सिलिंडरच्या भिंती गंजतात. सिलिंडरमध्ये पाणी साचल्यास ते दाबले जात नसल्याने पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. किनाऱ्यापासून दूर असताना असे घडल्यास प्रश्न केवळ दुरुस्तीच्या खर्चाचा राहत नाही.

दुसरे वेगळेपण भाराचे आहे. बोटीला बदलते गिअर नसतात. प्रोपेलर पाण्याला सतत ढकलत असतो आणि त्याला लागणारी शक्ती वेगाच्या सुमारे तिसऱ्या घाताने वाढते. बोट पाण्यावर उचलली जाण्यासाठी मध्यम वेगातील टॉर्क आवश्यक असतो. ज्या वेगापर्यंत प्रोपेलर इंजिनाला फिरूच देत नाही, त्या वेगातील अश्वशक्ती निरुपयोगी होय.

३. निवडीचे निकष :
इनटेक व एक्झॉस्ट लोबच्या मध्यांमधील कोन हा येथे निर्णायक घटक ठरतो. दोन्ही कालावधींच्या बेरजेच्या चौथ्या भागातून हा कोन वजा करून उत्तराची दुप्पट केली असता ओव्हरलॅप मिळतो. उदाहरणार्थ, कालावधी २८० व २९० अंश आणि कोन ११० अंश असल्यास ओव्हरलॅप ६५ अंश येतो. कोन ११४ अंश घेतल्यास तो ५७ अंशांवर उतरतो. म्हणूनच बोटीच्या कॅमशाफ्टमध्ये हा कोन सामान्यतः ११२ ते ११४ अंश वा अधिक ठेवतात. तुलना करताना कालावधी एकाच मापनपद्धतीचे असावेत. जाहिरातीतील कालावधी व ०.०५० इंच उचलीवर मोजलेला कालावधी यांत मोठी तफावत असते.

संगणकनियंत्रित इंधनपुरवठा असलेल्या इंजिनात ओव्हरलॅपमुळे इनटेकमधील दाब बदलतो व इंधनाचे गणित चुकू शकते. अशा वेळी संगणकाची फेरजुळणी गरजेची ठरते.

४. खरेदीपूर्व तपासणी :
(अ) दोन इंजिनांच्या काही बोटींत एक इंजिन उलट दिशेने फिरते. त्यासाठी वेगळा कॅमशाफ्ट लागतो. तो चेनने फिरतो की गिअरने, हेही पाहावे लागते.
(आ) लोबची उचल व रॉकरचे प्रमाण यांच्या गुणाकारातून झडपेची उचल मिळते. बिग ब्लॉकमध्ये हे प्रमाण १.७ असल्याने ०.३०० इंच लोब ०.५१० इंच उचल देतो. मूळ स्प्रिंगा ती पेलतील का, हे तपासावे.
(इ) जुन्या सपाट टॅपेटच्या कॅमशाफ्टला जस्त व फॉस्फरसयुक्त तेलाची गरज असते. २००४ मधील एपीआय 'एसएम' मानकाने गाड्यांच्या प्रचलित तेलांतील फॉस्फरस मर्यादित केल्याने तेलाची निवड काळजीपूर्वक करावी. नवे टॅपेट कॅमशाफ्टसोबतच घ्यावेत.
(ई) अमेरिकेत २०१० पासूनच्या अशा इंजिनांना उत्सर्जनाचे संघराज्यीय निकष लागू झाले आहेत. प्रमाणित इंजिनातील बदल कायद्यात बसतो का, हे आधी पाहणे इष्ट.

समारोप :
वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, बोटीसाठी कॅमशाफ्ट निवडताना 'किती अश्वशक्ती वाढेल' हा पहिला प्रश्न नसावा. 'मंद वेगात पाणी आत येईल काय' आणि 'प्रोपेलर ज्या वेगात इंजिन चालवितो त्या वेगात टॉर्क मिळेल काय' हे दोन प्रश्न अगोदरचे होत. एक्झॉस्टची रचना, प्रोपेलर, बोटीचे वजन व इंजिनाचा कमाल वेग यांची नोंद विक्रेत्यापुढे ठेवून केलेली खरेदी ही केवळ आकड्यांवर भुलून केलेल्या खरेदीपेक्षा निश्चितच हितावह ठरते.