खिशातले अहिराणी शुभवर्तमान

पुठ्ठ्याची घडी उलगडायची, आत तबकडी ठेवायची आणि पेन्सिलीने किंवा काडीने ती फिरवत राहायची. वीज नको, बॅटरी नको. पुठ्ठाच बोलू लागतो. ‘कार्डटॉक’ नावाचे हे यंत्र गॉस्पेल रेकॉर्डिंग्ज या संस्थेचे. होंडुरासहून आजारी होऊन परतलेल्या जॉय रिडरहॉफ यांनी ती १९३९ मध्ये लॉस एंजेलिसला सुरू केली. ज्या बोलींच्या वाट्याला छापखाना आलाच नाही, त्यांत बायबलच्या गोष्टी ऐकू याव्यात, हा या बाईंचा ध्यास. संस्थेच्या संग्रहात आता अहिराणीही आहे, आणि ती ऐकायला काडी लागत नाही, मोबाईल पुरतो.

अहिराणी ही खानदेशाची बोली. तिथल्या ख्रिस्ती कामाचा इतिहास थोडक्यात: १९०६ मध्ये खानदेशाचे पूर्व-पश्चिम असे दोन जिल्हे झाले, तेच आजचे जळगाव आणि धुळे, १९९८ मध्ये धुळ्यातून नंदुरबार वेगळे झाले. पश्चिमेकडे नवापूर परिसरात स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन, म्हणजे १९४९ नंतरचे ‘टीम’. पूर्वेकडे भुसावळ-जळगावात ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्स. कॅथलिक मंडळी नाशिक धर्मप्रांतात. एवढे पुरे.

खरी गंमत आजच्या तरुण संघांत आहे. बायबल ॲप आले १० जुलै २००८ला, जिओ आले ५ सप्टेंबर २०१६ला. आज दहावी-अकरावीत असलेल्यांना मोबाईल नसलेले घर आठवणारच नाही. घरी अहिराणी किंवा नवापूरकडची मावची बोली, उपासनेत प्रमाण मराठी, शाळेत सेमी-इंग्रजी, रील्सवर हिंदी. या सगळ्या भाषा एकाच फोनवर नांदतात. अहिराणी आणि मावचीतला नवा करारही तिथेच फुकट वाचता येतो. व्यासपीठावर ज्या बोलीला क्वचितच जागा मिळाली, ती असल्या आडवाटेने पोरांपर्यंत पोहोचली.

मोठ्यांचे धोरण मात्र बहुतेकदा एकच: शिबिराच्या दारात मोबाईल जमा करा. दोन दिवस ठीक आहे. उरलेल्या वर्षाचे काय?

इटलीत वाढलेल्या कार्लो अक्युटिसचे उदाहरण इथे उपयोगी पडते. हा मुलगा स्वतःच प्रोग्रॅमिंग शिकला, पवित्र मिस्साशी निगडित चमत्कारांची माहिती देणारी वेबसाइट केली, आणि व्हिडिओ गेमसाठी आठवड्याला एकच तास ठेवला. १२ ऑक्टोबर २००६ला, पंधराव्या वर्षी, ल्युकेमियाने तो गेला. ७ सप्टेंबर २०२५ला पोप लिओ चौदावे यांनी त्याला संत घोषित केले. पोप फ्रान्सिस यांनी २०१९च्या ‘ख्रिस्तुस विविट’ या तरुणांसाठीच्या पत्रात ऑनलाइन जगाचे धोके सांगताना त्याचेच नाव घेतले होते. त्याला कोणी नुसते बघत बसवले नव्हते. तो काहीतरी घडवत होता.

थोडे विषयांतर, पण खानदेशाचेच. धरणगावचा त्र्यंबक बापूजी ठोंबरे १९०७ मध्ये जळगावच्या कविसंमेलनात गाजला आणि ‘बालकवी’ झाला. पुढे तो नगरला रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या घरी राहिला. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्याच्यावर आईची माया केली. त्यांच्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात तो भेटतोच. त्या घरात या हिंदू मुलाला धर्म बदलावा लागला नाही, कविता मात्र बहरली. किशोरांमध्ये सेवा करणाऱ्या प्रत्येक पाळकाने ‘स्मृतिचित्रे’ वाचलेच पाहिजे, असे प्रस्तुत लेखकाचे हट्टाचे मत आहे.

आजच्या मुलांनाही असेच काही घडवू द्यायचे, त्यांच्या हाती माईक द्यायचा, तर एक पथ्य हवे. २०२३चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा अठरा वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानतो आणि त्याची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती मागतो. शिबिराचे फोटो धडाधड ग्रुपवर टाकणाऱ्या दादा-ताईंनी हे ध्यानात ठेवावे. प्रार्थनेसाठी विश्वासाने सांगितलेली एखाद्या पोराची अडचण ग्रुपवर जाऊ नये, हे तर कायदा नसता तरी पाळायला हवे.

आणि धुळे-जळगावच्या तरुण संघांना एक विनंती. या नाताळात परक्या बँडची गाणी लावण्याआधी आपल्या मंडळीतल्या आजी-आजोबांना गाठा, त्यांना पाठ असलेली अहिराणी आणि मावची भजने त्यांच्या परवानगीने रेकॉर्ड करा, आणि गाणाऱ्याचे नाव, गाव व तारीख प्रत्येक फाईलवर लिहा.